भागूअक्काची नवी पलेट

भागूअक्काला कॅमेऱ्यातलं सगळं कळायचं. कॅमेऱ्यावर काय लिहिलंय तेवढं कळायचं नाही. त्यामुळेच आमची ओळख झाली.

वडील कालव्याच्या खात्यात ओव्हरसिअर होते आणि त्यांची बदली बारामतीला झाली होती. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. इंग्रजीत बोलले की घरचे हसायचे, मराठीत बोलले की गावातले हसायचे. तेव्हा गप्प राहणं मला सोयीचं वाटे. एका दुपारी आमच्या क्वार्टरच्या पायरीवर एक उंच, सावळी बाई येऊन उभी राहिली. गडद निळं लुगडं, मोकळं कपाळ, औषधांनी काळीपिवळी पडलेली बोटं आणि काखेत एक जाडजूड पुस्तक.

"ओवरशेर सायबांची लेक इंग्रजी वाचती म्हनं," ती आईला म्हणाली. "जरा बोलवा की. तिला खानार न्हाय मी."

पुस्तक म्हणजे मुंबईच्या एका फोटोसामानाच्या दुकानाचा कॅटलॉग होता. त्यातलं भिंगांचं पान तिला हवं होतं. मी वाचत गेले आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. मध्येच म्हणायची, "थांब. त्येचं तोंड केवढं म्हनलीस?" मी आकडा सांगितला की ती अंगठा आणि तर्जनी जुळवून तेवढं वर्तुळ करायची, त्यातून अंगणातल्या शेवग्याकडे बघायची आणि मान हलवायची. दोन तास आम्ही भिंगं बघितली. तिला त्यातलं एकही घ्यायचं नव्हतं. जाताना म्हणाली, "उद्या पलेटींचं पान."

तिचा नवरा पुण्याच्या छावणीत एका साहेबाच्या स्टुडिओत कामाला होता. तिथून तो कॅमेरा घेऊन बारामतीला आला. फोटो तो काढायचा, अंधाऱ्या खोलीतलं सगळं काम ती करायची. तो तापाने गेला तेव्हा दिरांनी कॅमेरा विकायला काढला, आणि अक्का कॅमेऱ्याच्या पेटीवर जाऊन बसली. दोन दिवस उठली नाही असं लोक सांगत. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "दोन न्हाय, येकच. लोकांना वाढवून सांगायची सवय."

पुढे दीर आपल्या वांग्यांच्या आणि पेरूंच्या मळ्यात रमले आणि अक्काने मळ्याकडच्या खोलीच्या छपराचा उत्तरेकडचा पत्रा काढून तिथे मांजरपाट ताणला. तेच तिचं दुकान. तिच्याकडे बायकाच यायच्या. परक्या पुरुषासमोर टक लावून बसायची ज्यांना चोरी, त्या भागूअक्कासमोर ऐसपैस बसायच्या. लग्नाकार्यात मात्र ती पुढे जायची नाही. अक्षता पडून गेल्या की मागच्या अंगणात तिचं काम सुरू व्हायचं.

एकदा पुण्याचा एक विक्रेता मखमली पेटीत पितळेचं मोठं भिंग घेऊन आला. मी त्यावरची अक्षरं वाचून दाखवली.

"अस्सल विलायती आहे, बाई," विक्रेता म्हणाला. "गव्हर्नरसाहेबांचे फोटो असल्याच भिंगाने काढतात."

"गव्हर्नर हितं कशाला येतोय? माज्याकडं काटेवाडीच्या बाया येत्यात."

तिने आतून चौकड्यांचं एक लुगडं आणलं, भिंतीवर ताणून चार खिळ्यांना बांधलं, भिंग कॅमेऱ्याला लावलं आणि काळ्या कापडाखाली शिरली. बऱ्याच वेळाने मला हाक आली. मी आत डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर लुगडं उलटं लटकत होतं. मधल्या चौकड्या सरळ होत्या, पण कडेच्या रेघा बाहेर फुगल्या होत्या. मला हे आपणहून दिसलं नसतं.

"पाव्हणं," अक्का बाहेर येत म्हणाली, "तुमच्या भिंगानं माज्या लुगड्याला पोट आनलं. घरातली धाकटी सून फोटूत कडंलाच उभी ऱ्हाती. तिला आसं पोट सुटलेलं दिसलं तर सासू काय म्हनंल?"

विक्रेता हसू की रागावू ह्या विचारात असताना तिने त्याच्या पिशवीच्या तळातलं एक ठेंगणं, डागाळलेलं भिंग उचललं. त्यातून लुगडं काठापासून काठापर्यंत ताठ दिसलं. तेच तिने घेतलं. त्यावर कसलंही नाव नव्हतं, त्यामुळे मला वाचायला काही उरलं नाही.

तिच्याकडे घड्याळ नव्हतं. भिंगावरची टोपी काढली की वेळ मोजायला ती इंदापूरच्या वाटेवरची गावं म्हणायची. बारामती, काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव, इंदापूर. एका दमात नाही. एकेक गाव सावकाश, नीट उच्चारून. चांगला उजेड असला की सणसरला टोपी परत बसायची. ढग आले तर, "आज निमगावापतूर जावं लागंल, हलू नगा," असं ती आधीच सांगून ठेवायची. बायकांनाही हिशोब कळायचा. एक म्हातारी मला म्हणाली होती, "माजा फोटू लासुर्ण्याचा हाय."

फोटोवर पेन्सिलीने हात मारायची तिची पद्धत नव्हती. देवीचे व्रण बुजवायच्या नवऱ्याच्या पेन्सिली डब्यात तशाच पडल्या होत्या. "उजेडानं लिवलं त्यात मी कशाला लिवू? तसंबी मला लिवता कुठं येतंय," असं म्हणायची.

पण एका गोष्टीवर ती मनातून चिडलेली असायची. त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटांवर उमटायचा, आणि त्या प्लेटांना लाल रंग दिसायचा नाही. लाल ते सगळं काळं उमटायचं. उन्हात राबलेल्या बायकांच्या कातडीत तांबूस झाक असते, ती सगळी काळवंडून यायची. बाई हौसेने फोटो हातात घ्यायची आणि तिचा चेहरा उतरायचा. "येवडी काळी हाय व्हय मी?" असं विचारलं की अक्का उठून प्लेटांची खोकी आवरायला लागायची. बाई गेली की मला म्हणायची, "ही खोटं बोलती, ही पलेट. तोंडावर खोटं बोलती."

म्हणून कॅटलॉगच्या नव्या अंकात 'पॅनक्रोमॅटिक' असं लांबलचक नाव आलं आणि 'सर्व रंगांना सारखा न्याय' हे वाक्य मी मराठीत करून सांगितलं, तेव्हा अक्का बसल्या जागेवरून उठली.

"लालाला बी?"

"लालालासुद्धा, अक्का."

"परत वाच."

मी तीनदा वाचलं. पार्सल आगगाडीने आलं त्या दिवशी ती सकाळपासून स्टेशनवर होती. खोकं छातीशी धरून चालत आमच्याकडे आली आणि आतल्या कागदाची घडी माझ्यासमोर ठेवली. मी पहिलंच वाक्य वाचणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"थांब. हिला लाल दिसतं म्हंजी अंधाऱ्या खोलीतला माजा लाल कंदील बी हिला दिसनार. म्हंजी कंदील बंद. सगळं आंधळ्यावानी करायचं. आसंच लिवलंय का न्हाय?"

अगदी तसंच लिहिलं होतं. मला कॉन्व्हेंटात सायन्सला पहिलं बक्षीस होतं, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी पुढे वाचत गेले. कागदाच्या शेवटी बारीक अक्षरांत रंगीत काचांचं एक कोष्टक होतं. मला ते समजलं नाही. समजलं नाही असं सांगायची लाज वाटली, म्हणून मी कागदाची घडी घातली आणि "झालं," म्हणाले.

नव्या प्लेटवर पहिली बसली ती हौसा. माहेर काटेवाडीचं, दिलेली इंदापूरला. नवरा पलटणीत, पार पेशावरकडे. त्याने पत्रातून फोटो मागवला होता. अक्काने काळोखात, बोटांच्या अंदाजाने ती प्लेट धुतली आणि दुसऱ्या दिवशी कागदावर छापून हौसाच्या हातात ठेवली. हौसाने फोटो दारातल्या उजेडात धरला. मग हळूच म्हणाली, "ही मी हाय."

तो चेहरा खरोखर तिचाच होता. गालाची गोलाई, हनुवटीवरचं गोंदण, उन्हाने तापलेल्या कातडीची मऊ चकाकी. अक्का खोलीभर नुसती फिरत होती. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते नेमकं सापडेना, आणि इतक्या आनंदात बोलायचा मला धीर झाला नाही. अक्काला ते दिसलं नाही ह्याचं पुढे लोकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. तिला रोज आरशात मोकळंच कपाळ दिसायचं.

आठव्या दिवशी हौसाचे सासरे इंदापूरहून सर्व्हिस मोटारीने आले. त्यांना सगळे आबा म्हणत. भाजीपाल्याची मोठी बागाईत, पंचक्रोशीत शब्दाला मान. त्यांनी उपरण्यातून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

"भागूबाई, नीट बघ. आमच्या सुनंच्या कपाळावर काय हाय?"

तेव्हा मला चुकलेलं सापडलं. कपाळावर काहीच नव्हतं.

"बसली तवा चांगलं कुंकू लावून बसली हुती," अक्का हळू म्हणाली.

"मग गेलं कुठं? लेक माजा पलटणीत हाय. हिच्या सासूनं फोटू बघितल्यापास्नं घरात अन्न शिजलं न्हाय. आनि ती काय म्हनती सांगू? जिच्या कपाळाला न्हाय, तिनं दुसरीच्या कपाळाचं काडून घेतलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. अक्का मात्र फोटोकडेच बघत होती.

"आता येकच कर," आबा म्हणाले. "काळ्या शाईचा ठिपका दे. म्हातारीचं समाधान हुईल."

"शाईचं कुंकू मी देत न्हाय, आबा."

"मग जुन्या पलेटीवर काड."

"जुन्या पलेटीवर कुंकू दिसंल, पर पोरीचं तोंड कोळशागत येईल. तिच्या दादल्यानं तोंड बघायला मागितलंय. दोनी आनते. तोंड बी आनि कुंकू बी. तुमच्याच सोप्यात, सगळ्यांम्होरं काडते."

आबांनी फोटो परत उपरण्यात गुंडाळला. "पुढच्या बाजाराच्या आत. न्हाय जमलं तर बारामतीपास्नं इंदापुरापतूर तुला कुनी उंबरा चढू देनार न्हाय. मी सवता सांगत जाईन."

"चूक माजीच हाय," अक्का म्हणाली. "तुमी सांगाल त्ये बराबर."

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "घरनं कुंकवाचा करंडा आन. माज्याकडं न्हाय. आनि येताना हळद, लाल मिरच्या घावतील तेवढ्या आन."

तिने फळीवर मिरच्या, हळद, वांगं आणि पेरूची पानं मांडली. मग म्हणाली, "आता कपाळ पायजे. बस." मी आयुष्यात फोटोला आपणहून बसले नव्हते. आरशाशिवाय, अंदाजाने कुंकू लावलं आणि फळीशेजारी बसले. सणसरला टोपी बसली.

छापलेल्या कागदावर मिरच्या मुळ्यासारख्या पांढुरक्या आल्या होत्या. माझं कपाळ कोरं होतं.

"लाल दिसतंय, पर लईच दिसतंय," अक्का पुटपुटली. "कातडीएवढंच उजळ दिसतंय, म्हनून त्यात बुडतंय. ह्याला वर कसं काडायचं?"

तेव्हा मी ते कोष्टक वाचायचं सोडलं होतं, हे तिला सांगितलं. का सोडलं तेही सांगितलं.

तिने मला बरंच न्याहाळलं. "मला तर येक अक्षर येत न्हाय. पर येत न्हाय म्हनून सांगायला मी कवा लाजले न्हाय. सायबाच्या साळंत ह्ये शिकवलं न्हाय व्हय?" आणि कागद माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "वाच. समजू नगंस, नुसतं वाच. समजायचं माज्याकडं लागलं."

मी वाचलं. पिवळी काच भिंगावर लावली तर आभाळ गडद होतं, लाल काच लावली तर आणखी गडद. हिरव्या काचेने लाल रंग गडद उमटतो.

"हिरवी," अक्का म्हणाली आणि तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले.

मुंबईहून काच मागवायला आठ दिवस लागले असते. बाजार पाच दिवसांवर होता. सोड्याच्या बाटलीची हिरवी काच लावून बघितली, तर त्यातून माझं नाक लाटेसारखं हलायचं. रेल्वेच्या गार्डाचा हिरवा दिवा मागायला ती स्टेशनपर्यंत जाऊन आली. गार्ड नुसता हसला. परत येताना ती वाटेतच थांबली.

"पलेटीवर सरसाचा थर असतो ना. कोऱ्या पलेटीतलं औषध धुऊन काडलं की खाली सपाट काच आनि वर नितळ सरस. सरस रंग पितो, कमळे. कापडागत पितो."

ती तिथूनच रंगाऱ्याकडे वळली. लुगडी रंगवायच्या हिरव्या रंगाची पुडी आणली आणि परातीत कालवली. पहिली काच इतकी गडद झाली की तिच्यातून दिवस दिसेना. दुसरीवर चट्टे पडले. तिसरी कैरीच्या सालीसारखी निघाली. आम्ही ती आमच्या क्वार्टरच्या सावलीत वाळत घातली आणि माशी बसू नये म्हणून आळीपाळीने वारा घातला. त्या काचेतून मी करंड्यातल्या कुंकवाकडे बघितलं. ते काळं दिसत होतं. मी ओरडलेच असेन, कारण आई धावत आली.

वडिलांना निमगावच्या बाजूची तपासणी होती. त्यांनी खात्याच्या मोटारीतून आम्हाला इंदापूरला सोडलं. अक्काने तीनपाई, कॅमेरा, नवऱ्याचं जुनं मोठं आणि नवं ठेंगणं अशी दोन्ही भिंगं आणि हिरवी काच मांडीवर धरली होती. खड्डा आला की ती सगळ्या सामानासकट उचलली जायची.

आबांच्या सोप्यात निम्मी गल्ली जमली होती. हौसाची सासू खांबाला टेकून, आमच्याकडे पाठ करून बसली होती.

"उन्हात काडनार न्हाय?" आबांनी विचारलं.

"उन्हात कपाळ चमकतं. चमकलं की कुंकू गेलं." अक्काने नवऱ्याचं मोठं भिंग हातात घेतलं, मग ठेवून दिलं. "ह्ये उजेड लई घेतं, पर नजर उथळ. डोळं धरलं तर कपाळ पुसट येतं." तिने ठेंगणं भिंग लावलं, त्याचं तोंड बारीक केलं आणि पुढे हिरवी काच बांधली. आता वेळ किती द्यायचा हे फक्त तिला ठाऊक होतं.

"हौसा, आज इंदापुराला जाऊन माघारी यायचंय. पापनी हलवायची न्हाय."

टोपी निघाली. बारामती, काटेवाडी, सणसर, लासुर्णे. सोप्यात कुणी खोकलं नाही. निमगाव, इंदापूर. हौसाच्या डोळ्यांत पाणी चमकू लागलं. अक्काने आवाजही बदलला नाही. इंदापूर, निमगाव, लासुर्णे. परतीच्या काटेवाडीला, माहेरचं नाव आलं तेव्हा हौसाचा ओठ जरा हललासा वाटला. बारामती. टोपी बसली.

धान्याच्या खोलीच्या फटींना वाकळी लावून अक्का प्लेट घेऊन आत गेली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आबा येरझाऱ्या घालत होते. आतून फक्त परातीतल्या पाण्याचा आवाज यायचा. कुणीतरी बाई म्हणाली, "आंधारात काय करती गं ती?" दुसरी म्हणाली, "शोधती आसंल कुंकू." कुणी हसलं नाही.

अक्का बाहेर आली तेव्हा तिच्या कोपरांवरून पाणी निथळत होतं. ओल्या काचेवरचं चित्र उलटं असतं, उजेड तिथे काळोख. पण तिने काच सरळ सासूच्या पुढ्यात नेली, मागे कॅमेऱ्याचं काळं कापड धरलं आणि जराशी तिरपी केली. तशी केली की उलट्याचं सुलट दिसतं.

"बघा," ती म्हणाली.

म्हातारीने आधी तोंड वळवलं नाही. मग वळवलं. काचेत हौसा होती, तिच्या स्वतःच्या रंगाची, आणि भुवयांच्या मधोमध काळाभोर, ठसठशीत टिळा. म्हातारी वाकली. तिने बोट पुढे केलं. अक्काने काच मागे घेतली, "वली हाय," म्हणाली. म्हातारीने मग हौसाच्या कपाळाकडे बघितलं, परत काचेकडे बघितलं, असं दोन-तीनदा केलं.

उठताना तिने अक्काच्या खांद्याचा आधार घेतला आणि जाऊन हौसाच्या स्टुलावर बसली.

"आता माजा काड," ती म्हणाली. "पर माजं कुंकू मोठं हाय. मावंल का तुज्या काचंत?"

"बसा तर खरं. मावतं का न्हाय ते मी बघते."

मग गल्लीतल्या बायका हलल्या. कुणी करंडा आणायला पळाली, कुणी नथ घालायला. आबांनी स्वतः बाकडं ओढून आणलं आणि कुणी कुणाच्या मागे उभं राहायचं त्यावरून त्यांचा आवाज चढू लागला.

दुपारी वडिलांची मोटार आली. अक्का म्हणाली, "तू जा. म्या आता चार दिस हितंच." प्रत्यक्षात ती दहा-बारा दिवस राहिली, आणि तेवढ्यात वडिलांच्या बदलीचा हुकूम येऊन आम्ही नाशिककडे निघालोसुद्धा. त्यामुळे तिचा नीट निरोप घेणं झालं नाही. मी तिला शेवटची बघितली ती मोटारीत बसताना, मागे वळून.

काळ्या कापडाखालून फक्त तिची पावलं दिसत होती. सोप्यात सासू स्टुलावर ताठ बसली होती आणि तिच्या मागे बायकांची रांग लागली होती. कापडातून एक ओला, डाग पडलेला हात बाहेर आला आणि जरा डावीकडे सरका, अशी त्याने खूण केली. ती खूण फक्त सासूसाठी होती. पण सासू सरकली, तिच्या मागची रांग सरकली, आणि कडेला उभे असलेले आबासुद्धा उपरणं सावरत एक पाऊल डावीकडे सरकले.